गेअर लावला तरी आठवड्यात पुन्हा बिघडतो? स्क्रू फिरवण्याआधी हे बघा

गेल्या जूनच्या अखेरीस माझ्या माउंटन बाइकला जे दुखणं लागलं ते दिवाळीपर्यंत पुरलं. ठाण्यात येऊरच्या चढावर तिसऱ्या गेअरला चेन कटकट करायची आणि सीटवरून उठून जोर लावला की खाडकन उडी मारायची. पहिल्यांदा झालं तेव्हा गुडघा थेट हँडलवर आपटला. शुक्रवारी रात्री गेअर लावायचा, म्हणजे केबलचा ताण जुळवायचा, शनिवारी सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारून बघायच्या, एकही आवाज नाही. रविवारी पहाटे उपवन तलावावरून वर वळलं आणि खरा चढ लागला की ये रे माझ्या मागल्या.

सायकल साधी आहे. पुढे सस्पेन्शन, मागे नाही, पुढे तीन आणि मागे आठ गेअर, डिस्क ब्रेक. वसंत विहारला राहते, सातव्या मजल्यावर, आणि सायकल घरातच ठेवते. पुढे ही लिफ्ट महत्त्वाची ठरणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

नव्या सायकलीला पहिल्या महिन्यात एकदा गेअर लावावाच लागतो. केबलचे आऊटर, म्हणजे तिच्यावरच्या नळ्या, आपापल्या टोप्यांमध्ये दाबून बसतात, त्यामुळे केबल किंचित सैल पडते. नवी केबल टाकल्यावरही तसंच होतं. एवढं सोडलं तर नीट लावलेला गेअर महिनोन् महिने हलत नाही. तुमचा दर पंधरा दिवसांनी हलत असेल तर बिघाड दुसरीकडे आहे आणि स्क्रू फिरवून तुम्ही तो झाकताय. मी चार महिने झाकला. कारणं तीन निघाली आणि तिन्ही एकमेकांच्या आड दडलेली होती, म्हणून एक दुरुस्त केलं की थोडं बरं वाटायचं आणि पुन्हा तेच.

किती फिरवला आणि कुठल्या बाजूला

सगळ्यात आधी एक वही करा, किंवा फोनमध्ये लिहा. तारीख, पाऊस होता की नाही, कुठल्या गेअरला त्रास झाला, आणि बॅरल अ‍ॅडजस्टर कुठल्या दिशेने किती फेरे फिरवला. बॅरल अ‍ॅडजस्टर म्हणजे मागच्या डिरेलरमध्ये (चेन एका गेअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा, खाली लोंबणारा भाग) केबल शिरते तिथला, बोटांनी फिरणारा खाचांचा गोल. तो सैल करायच्या दिशेने फिरवला की बाहेर येतो, केबल ताणली जाते आणि डिरेलर मोठ्या स्प्रॉकेटकडे (मागच्या मोठ्या दात्यांच्या चकतीकडे), म्हणजे चाकाच्या बाजूला सरकतो. आवळायच्या दिशेने फिरवला की केबल ढिली होते आणि डिरेलर बाहेर, छोट्या स्प्रॉकेटकडे जातो.

हे काम किती बारीक आहे ते आकड्यांवरून कळतं. आठ गेअरच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या स्प्रॉकेटच्या संचात, एका स्प्रॉकेटपासून दुसरं ४.८ मिलिमीटरवर असतं. शिमानो कंपनीच्या आठ स्पीडच्या शिफ्टरचा (हँडलवरचा गेअर बदलायचा खटका) एक क्लिक केबल साधारण २.८ मिलिमीटर ओढतो आणि डिरेलर त्याच्या १.७ पट सरकतो. म्हणजे केबल कुठेतरी अर्धा मिलिमीटर अडकली तरी चेन एका स्प्रॉकेटवरून दुसऱ्याकडे जायच्या रस्त्यात जवळपास एक मिलिमीटर मागे राहते. एवढं पुरतं. नऊ-दहा स्पीडला स्प्रॉकेट आणखी जवळजवळ असतात, तिथे ही सवलतही कमी.

आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं निदान तिच्यावर आहे. मोठ्या स्प्रॉकेटवर चढवताना तुमचा अंगठा केबल ओढतो. अंगठ्यात जोर भरपूर, केबल गंजलेली असली तरी ओढली जाते. छोट्या स्प्रॉकेटवर उतरताना मात्र केबल फक्त सुटते, आणि डिरेलरला बाहेर ओढायचं काम त्याच्या स्प्रिंगला एकटीला करावं लागतं. म्हणून केबल घासत असेल तर त्रास आधी उतरताना दिसतो. क्लिक झाला, गेअर आला नाही, चार पेडल मारल्यावर अचानक आला.

पहिलं कारण: मागचा वळसा

माझ्या वहीत जुलैच्या नोंदी अशा आहेत (ताण-सैल म्हणजे केबल ताणली की सैल केली): अर्धा फेरा ताण, पाऊण फेरा सैल, पाव फेरा सैल, अर्धा फेरा ताण. दिशा दरवेळी वेगळी. तेव्हा मला यातून काही कळलं नाही. आता कळतं की दिशा अशी इकडून तिकडे उडत असेल तर केबल घासतेय. तुम्ही गेअर लावत असता त्या क्षणी केबल कुठे अडकलेली आहे यावर उत्तर ठरतं, आणि ती दरवेळी वेगळ्या ठिकाणी अडकते.

ठाण्यात पावसाळ्याचे चार महिने केबलची पूर्ण परीक्षा असते. सगळ्यात वाईट अवस्था फ्रेमपासून डिरेलरपर्यंत जो आऊटरचा छोटा गोल वळसा येतो त्याची. चाकाने उडवलेलं पाणी आणि लाल चिखल थेट त्याच्यावर, आणि तो खाली झुकलेला असल्यामुळे आत गेलेलं पाणी तिथेच साठतं. बाहेरून तो नवाकोरा दिसतो.

केबल न सोडता हा तुकडा तपासायची सोपी युक्ती आहे. मागचं चाक उचलून, पेडल फिरवत चेन सगळ्यात मोठ्या स्प्रॉकेटवर न्या. आता पेडल थांबवा आणि चाक न फिरवता शिफ्टर सगळ्यात छोट्या स्प्रॉकेटच्या गेअरपर्यंत क्लिक करा. चाक फिरत नसल्यामुळे चेन जागची हलत नाही, पण केबल पूर्ण सैल पडते. फ्रेमवरचे केबलचे आधार चिरलेले असतील तर आऊटर आता हाताने सुटतो, आणि तो केबलवरून पुढे-मागे सरकवून आतली केबल बघता येते. आऊटर शिफ्टरपासून डिरेलरपर्यंत अखंड असेल किंवा केबल फ्रेमच्या आतून जात असेल तर ही युक्ती चालणार नाही, तिथे डिरेलरवरचा बोल्ट सोडून केबल बाहेरच काढावी लागते.

मी वळशाचा आऊटर सरकवला आणि त्याच्या तोंडातून चहाच्या रंगाचा एक थेंब गॅलरीच्या पांढऱ्या फरशीवर पडला. मागोमाग दुसरा. सायकल चालवून पाच दिवस झाले होते, मध्ये दोन दिवस चांगलं ऊन पडलं होतं, तरी आत पाणी होतं. आतली केबल बोटभर लांबीत खडबडीत झाली होती. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून ओढली तर कापसावरून खिळा ओढल्यासारखी अडकत येत होती. चांगली केबल चिमटीत जाणवतसुद्धा नाही.

केबल आणि आऊटर दोन्ही बदला. नुसती आतली केबल बदलून जुना आऊटर ठेवला तर पैसे वाया, कारण गंजाची भुकटी आणि फाटलेलं अस्तर आऊटरमध्येच असतं. आणि इथे माझं दुसरं कारण तयार झालं.

दुसरं कारण: चुकीचा आऊटर

मी केबल बदलायला एका दुकानात दिली. सायकल परत आली, गेअर छान चालला, आठवड्यात पुन्हा बिघडला. या वेळी नवी तऱ्हा: हँडल पूर्ण वळवलं की गेअर आपोआप सरकायचा. घरी नीट बघितलं तर शिफ्टरजवळचा तुकडा बाकीच्यापेक्षा जाड होता. तिथे ब्रेकचा आऊटर लावला होता.

दोन्ही बाहेरून सारखेच काळे असतात, पण आतली रचना वेगळी. ब्रेकच्या आऊटरमध्ये पट्टीची तार स्प्रिंगसारखी गोल गुंडाळलेली असते. तो सहसा ५ मिलिमीटरचा. गेअरच्या आऊटरमध्ये बारीक तारा लांबीच्या दिशेने सरळ जातात, तो सहसा ४ मिलिमीटरचा. गुंडाळलेली तार ताण आला की किंवा वाकवली की थोडी दबते, आऊटरची लांबी बदलते, आणि आपल्याला तर अर्ध्या मिलिमीटरचा हिशोब ठेवायचा आहे. शिमानोने १९८४ साली क्लिकवर बसणारे गेअर आणले. त्याआधीच्या सायकलींवर गेअरचा दांडा चालवणारा कानाने आणि हाताने जुळवून घ्यायचा, तिथे एवढं दबणं खपून जायचं. क्लिकच्या गेअरला खपत नाही.

उलटी चूक तर धोक्याची आहे. गेअरचा आऊटर ब्रेकला कधीही लावू नका. जोरात ब्रेक दाबला की सरळ तारा फाकून आऊटर फुटू शकतो आणि येऊरच्या उतारावर हातात ब्रेक राहणार नाही.

आऊटर घरी कापायचा असेल तर एकच गोष्ट जपा, टोक. साध्या पकडीने कापला तर तोंड चेपतं. धारदार केबल कटर लागतो. कापल्यावर टोक कानशीने सपाट करायचं, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर दाबलं गेलेलं असतं ते टोच्याने किंवा जाड सुईने पुन्हा गोल उघडायचं, मग टोपी घालायची. माझ्या लेकीने टॉर्च धरला आणि मी सुईने ते भोक मोकळं केलं, त्याला पाच मिनिटं लागली. ही पाच मिनिटं वाचवलेली केबल महिन्याभरात घासायला लागते. वळसा फार आखूड ठेवू नका, आणि नव्या अस्तराच्या आऊटरमध्ये घट्ट ग्रीस भरू नका. ग्रीसला धूळ चिकटते आणि केबल जड होते. पातळ तेलाचा एखादा थेंब पुरे.

तिसरं कारण: केबल आपोआप आखूड होत नाही

सप्टेंबरमध्ये केबल नवी, आऊटर योग्य, टोकं नीट. गेअर दोन्ही बाजूंना टकटकीत बसत होता. बारा दिवसांनी पुन्हा कटकट.

या वेळी वहीने वाचवलं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या नोंदी बघा: पाव फेरा सैल, पाव फेरा सैल, अर्धा फेरा सैल, पाव फेरा सैल. सगळ्या एकाच दिशेने. नवी केबल बसताना सैल पडते, म्हणजे मला दरवेळी ती ताणावी लागायला हवी होती. मी दरवेळी सैल करत होते. डिरेलर दर आठवड्याला थोडा थोडा चाकाच्या बाजूला येत होता. केबल ताणली जाऊन लांब होईल, घसरेल, तुटेल. आपोआप आखूड होणार नाही. मग डिरेलर आत ढकलतंय कोण?

उत्तर चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी दिलं. सकाळी फिरायला निघताना लिफ्टमध्ये भेटतात. सायकल मागच्या चाकावर उभी करून मी लिफ्टमधून बाहेर पडत होते, तेव्हा म्हणाले, "अगं, तुझ्या सायकलचं ते मागचं लोंबतं ना, ते दाराला घासतं बघ रोज. मला वाटलं तुला माहीत असेल."

मी परत येऊन वाकून बघितलं. दाराच्या चौकटीवर जमिनीपासून सव्वा फुटावर एक चकचकीत रेघ होती, रंग गेलेली, बोटाएवढी लांब. डिरेलरच्या बाहेरच्या बोल्टाच्या डोक्यावर चौकटीचाच करडा रंग लागलेला. सायकल मागच्या चाकावर उभी केली की डिरेलर बरोबर त्या उंचीला येतो. लिफ्ट अरुंद, सायकल तिरकी करून काढावी लागते, आणि उजवी बाजू दर खेपेला चौकटीला टेकत होती. आठवड्यातून तीनदा जायचं, तीनदा यायचं.

डिरेलर फ्रेमला थेट लावलेला नसतो. मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा असतो, हँगर. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे सायकल उजव्या अंगावर पडली तर हँगर वाकावा आणि फ्रेम वाचावी. एका मोठ्या धक्क्याने वाकला तर लगेच कळतं. माझा दर खेपेला केसभर वाकत होता, म्हणून मी दर आठवड्याला पाव फेरा सैल करत बसले होते.

वाकलेल्या हँगरची ओळख अशी: वरचे (छोट्या स्प्रॉकेटचे) गेअर जुळवले की खालचे (मोठ्या स्प्रॉकेटचे) बिघडतात, खालचे जुळवले की वरचे. मधले नेहमी बरे. डोळ्यांनी बघायचं तर सायकलच्या मागे उकिडवं बसा, चेन मधल्या स्प्रॉकेटवर ठेवा आणि डिरेलरच्या दोन छोट्या चाकांतून जाणारी रेघ स्प्रॉकेटच्या रेघेत आहे का बघा. खालचं चाक स्पोककडे झुकलेलं दिसलं तर हँगर आत वाकलाय. पण डोळ्याला फक्त मोठा बाक दिसतो, माझा दिसला नव्हता.

हँगर मोजायचं खास अवजार मिळतं. माझ्याकडे नव्हतं, म्हणून जुनी युक्ती वापरली. हँगरच्या भोकाचे आटे १० मिलिमीटर व्यासाचे आणि १ मिलिमीटर पिचचे असतात, आणि क्विक रिलीजच्या (दांडी उघडून निघणाऱ्या) मागच्या चाकाच्या एक्सलचे आटेही बहुतेक तेच. मैत्रिणीच्या सायकलचं मागचं चाक आणलं, त्यातला क्विक रिलीजचा दांडा काढला, माझा डिरेलर ५ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने सोडवून बाजूला टांगता ठेवला, आणि त्या चाकाच्या एक्सलचं कॅसेट नसलेलं टोक माझ्या हँगरमध्ये आवळलं. इथे बरेच जण चाक गोल फिरवत बसतात. त्याने काही होत नाही, कारण एक्सल बेअरिंगमध्ये मोकळा फिरतो. एक्सलवरच्या लॉकनटाला पाना लावून एक्सलच फिरवावा लागतो. आटे तिरके धरले तर हँगर कायमचा जाईल, म्हणून पहिले दोन फेरे बोटांनीच.

आता दोन चाकं शेजारी शेजारी उभी. हँगर सरळ असेल तर ती समांतर असतात. दोन रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे अशा चार ठिकाणी पट्टीने मोजायचं. चारही मापांत ४ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. माझ्याकडे वरचं माप खालच्यापेक्षा १४ मिलिमीटरने जास्त निघालं. पट्टी दोनदा लावली, लेकीला वाचायला लावली, तेच आलं.

सरळ करायला त्याच बाहेरच्या चाकाचा वरचा भाग हळूहळू आत दाबायचा. एका वेळी थोडंसं, सोडायचं, मोजायचं. अ‍ॅल्युमिनियम पुढे-मागे वाकवत राहिलात तर तडकतं, म्हणून एकाच दिशेने, दम धरून. एकदा सरळ केलेला हँगर मी तात्पुरता मानते. नवा घेताना जुना काढून सोबत न्या. हँगर फ्रेमगणिक वेगळा असतो, भोकांची जागा आणि कडेचा आकार तंतोतंत जुळायला हवा. अलीकडच्या काही महागड्या फ्रेमवर स्रॅम कंपनीने २०१९ साली आणलेला एकसारखा हँगर असतो, तिथे ही शोधाशोध वाचते.

वाकलेला हँगर नुसता कटकटीचा विषय नाही. पहिल्या गेअरला, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्प्रॉकेटवर, डिरेलर स्पोकच्या अगदी जवळ जातो. हँगर आत वाकलेला असताना चढावर पहिला गेअर टाकलात आणि डिरेलरचा पिंजरा (छोटी चाकं धरणारा भाग) स्पोकमध्ये गेला तर डिरेलर, हँगर आणि चाक एका फटक्यात जातात. खालचे गेअर टाकताना मागून टिंगटिंग असा तारेवर टिचकी मारल्यासारखा आवाज आला तर तिथेच उतरा आणि सायकल हातात धरून खाली या.

झीज आणि बारीकसारीक

वरचं सगळं ठीक असूनही ठरावीक दोन-तीन गेअरवर, आणि फक्त जोर लावल्यावर चेन घसरत असेल तर दात झिजलेत. स्टीलची फूटपट्टी चेनवर ठेवा. नव्या चेनच्या एका पिनच्या मध्यापासून मोजलं तर चोविसाव्या जोडाची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती एक-षोडशांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक-अष्टमांश पुढे गेली असेल तर बहुधा कॅसेटही गेली, आणि नवी चेन टाकल्यावर ती जुन्या दातांवर जास्तच घसरेल. चेन वेळेत बदलणं स्वस्त पडतं.

कॅसेट हाताने हलवून बघा, हलत असेल तर लॉकरिंग (कॅसेट आवळून धरणारी कडी) ढिली आहे. ती चांगलीच आवळावी लागते, ४० न्यूटन-मीटरपर्यंत, म्हणून खास पाना हवा. मागचं चाक फ्रेमच्या खाचेत पूर्ण बसलंय का बघा. मी एकदा पंक्चर काढून चाक तिरकं बसवलं होतं आणि संध्याकाळभर गेअर लावत बसले होते. पेडल उलटं फिरवताना डिरेलर ठरावीक अंतराने उचकी दिल्यासारखा हलत असेल तर चेनची एक कडी आखडलेली आहे, ती हाताने आडवी वाकवून मोकळी होते.

आता गेअर लावा

हे सगळं झाल्यावर. आधी नाही.

स्टँड नसेल तर झोपाळा उतरवून त्याच्या कड्यांना दोरीने सीटखालून सायकल टांगा, आमच्या गॅलरीत असंच करते. उलटी करून सीट-हँडलवर उभी करायला हरकत म्हणून नाही, पण डिरेलर उलटा बघताना डावं-उजवं चुकतं.

केबल सोडलेली असताना सगळ्यात छोट्या स्प्रॉकेटवर एच स्क्रू (डिरेलरवरच्या हद्दीच्या दोन स्क्रूंपैकी H लिहिलेला) असा लावा की डिरेलरचं वरचं छोटं चाक स्प्रॉकेटच्या बाहेरच्या कडेखाली बरोबर यावं. मग पेडल फिरवत डिरेलर हाताने आत ढकलून सगळ्यात मोठ्या स्प्रॉकेटवर न्या आणि एल स्क्रूने त्याची हद्द बांधा, म्हणजे चेन स्पोककडे जाणार नाही. हे दोन स्क्रू फक्त हद्द ठरवतात. मधल्या गेअरची कटकट त्यांनी जात नाही, तरी हात पहिला त्यांच्याकडेच जातो.

बॅरल अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवून दोन फेरे बाहेर काढा. शिफ्टर सगळ्यात छोट्या स्प्रॉकेटच्या गेअरला आहे ना बघा, केबल हाताने ताणून बोल्ट आवळा. एक क्लिक करा, चेन दुसऱ्या स्प्रॉकेटवर जाईल. आता पेडल फिरवत अ‍ॅडजस्टर हळूहळू बाहेर काढा, चेन तिसऱ्याला घासून आवाज करायला लागेपर्यंत. आवाज आला की परत आत फिरवा, आवाज थांबेल तिथे थांबा. ती जागा. नंतर सगळे गेअर वर-खाली दोनदा. शेवटी पहिल्या गेअरला वरचं छोटं चाक आणि मोठं स्प्रॉकेट यांत ५-६ मिलिमीटर अंतर राहील असा बी स्क्रू लावा.

टांगलेल्या सायकलवर जमलेला गेअर जमला असं धरू नका. जोर लागला की फ्रेम आणि चेन दोन्ही वेगळी वागतात. मी पोखरण रोड दोनवर एक फेरी मारते आणि मग उपवनच्या चढावर बसून आणि उभं राहून, दोन्ही तऱ्हांनी तिसरा-दुसरा-तिसरा करून बघते. तिथे गप्प राहिला तर झालं.

पावसातून आल्यावर चेन फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर आतल्या बाजूने वंगणाचा एकेक थेंब, मग बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. तेलाचा हात डिस्कला लावायचा नाही. मोटारसायकली धुतात त्या जोराच्या पाण्याने धुवू नका, पाणी बेअरिंगमध्ये आणि आऊटरमध्ये शिरतं. पावसाळ्यात मी दर दोन आठवड्यांनी तो मागचा वळसा सरकवून बघते, पाणी असेल तर फुंकून काढते.

आणि लिफ्ट. आता आवारात शिरतानाच मी पहिला गेअर टाकते, म्हणजे डिरेलर आत दबून राहतो आणि बाहेर कमी निघतो. लिफ्टमध्ये शिरताना आणि निघताना चौकटीकडे डावी बाजू. सुरुवातीला उलटं वळायला अवघड गेलं, आता सवय झाली. नवा हँगर नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावला, तेव्हापासून वहीत तारखा आहेत, पाऊस नाही, आणि फेऱ्यांच्या रकान्यात आडव्या रेघा. सरळ केलेला जुना हँगर त्याच्या दोन स्क्रूंसकट कापडात गुंडाळून सीटखालच्या पिशवीत ठेवलाय. येऊरच्या वर सायकल पडली तर घरापर्यंत यायला तो पुरेल.